मोजणी झाली, पण कुळाचं नाव गेलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण कोरियाच्या प्रगतीवरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे, भाषाही सोपी आहे. पण मधेच लेखकाने एक विधान जाता जाता ठोकून दिलं आहे. १९१० ते १९४५ या जपानी राजवटीत कोरियाला रेल्वे मिळाली, धरणं मिळाली, जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी होऊन मालकी हक्क निश्चित झाले आणि याच पायावर आजचा कोरिया उभा आहे, असं ते म्हणतात. बाकीच्या गोष्टींवर माझ्यापेक्षा जाणकार लोक बोलतील. मोजणीवर मात्र मी बोलणार. उभी हयात भूमी अभिलेख खात्यात गेली. भूकरमापक म्हणून लागलो, निमतानदार, म्हणजे मोजणी तपासणारा, म्हणून निवृत्त झालो. मुलगी आणि जावई नोकरीसाठी सुवॉनला असतात, त्यामुळे नातवंडं सांभाळायच्या निमित्ताने त्या देशात राहणं झालं. माणूस निवृत्त झाला तरी बांधावरून चालताना हद्दीचा दगड शोधायची खोड जात नाही. तिथेही गेली नाही.

आधी जे चांगलं ते चांगलं म्हणतो. कामाच्या दृष्टीने ती मोजणी पक्की होती. १९१० मध्ये सुरू झाली आणि १९१८ मध्ये संपली. एवढ्या अवधीत सुमारे १ कोटी ९१ लाख तुकडे मोजून, नंबर पाडून, नकाशावर चढवले. खर्च दोन कोटी येनच्या वर गेला. शहरी भागाला १:६००, शेतजमिनीला १:१२००, डोंगराळ मुलखाला १:२४०० असं प्रमाण धरलं. त्रिकोणमापनाची साखळी तर जपानच्या त्सुशिमा बेटावरून समुद्र ओलांडून बुसानजवळच्या आणि कोजे बेटावरच्या टेकड्यांवर आणून जोडली. आमच्याकडे एका तालुक्याची फेरमोजणी किती वर्षं रखडते हे मला विचारू नका. एका संग्रहालयात त्या काळचा एक गाव नकाशा काचेमागे ठेवलेला पाहिला. शाईची रेघ केसासारखी बारीक, कुठे खाडाखोड नाही. ज्या हातांनी तो काढला त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. त्या हातांपैकी पुष्कळसे कोरियन तरुणांचे होते. त्यांना जपानी अधिकाऱ्यांनी शिकवून कामाला लावलं होतं.

पण जपानी येण्यापूर्वी त्या देशात मोजणी नव्हती असा जो समज लेखातून होतो, तो खरा नाही. कोरियाच्या राजदरबाराने १८९८ मध्ये स्वतःची मोजणी सुरू केली होती. त्यासाठी अमेरिकेहून एक सर्व्हेअरही पगारी बोलावला होता. १९०४ पर्यंत देशाच्या सुमारे दोन-तृतीयांश तालुक्यांत ते काम झालं होतं आणि काही ठिकाणी मालकीचे दाखले वाटायलाही सुरुवात झाली होती. त्याच वर्षी रशिया आणि जपानचं युद्ध पेटलं, जपानी फौजा सोलमध्ये शिरल्या आणि हे काम बंद पडलं. पुढच्या वर्षी, १७ नोव्हेंबर १९०५ ला, जपानने कोरियाचं परराष्ट्र खातं करारान्वये आपल्या हाती घेतलं. १९०७ मध्ये राजाला पायउतार व्हायला लावून सैन्य मोडीत काढलं. २२ ऑगस्ट १९१० च्या सहीने उरलंसुरलं राज्यही गेलं.

त्या १८९८ च्या मोजणीत तुकड्यांचे आकार ढोबळ आहेत, क्षेत्रही पिकाच्या अंदाजाने धरलेलं आहे. परीक्षेला बसवली तर जपानी मोजणीपुढे ती नापास होईल. तरी तिच्यात एक गोष्ट अशी आहे की मी ती वाचून थबकलो. सुरुवातीच्या वर्षांतल्या त्या नोंदवह्यांत प्रत्येक तुकड्यासमोर दोन नावं लिहिलेली आहेत. एक जमीनमालकाचं आणि दुसरं ती जमीन कसणाऱ्याचं.

जपानी मोजणीत दुसरं नाव गेलं.

हे एवढंच सांगायला मी हे पत्र लिहायला घेतलं आहे. सात-बारा ज्याने हातात धरला आहे त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. सात-बाऱ्यावर भोगवटादाराचं नाव असतं, तसा 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो आणि कुळाचं नाव लागायला जागा असते. त्या जागेसाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. कोरियात १९१२ च्या हुकुमाने ठरलं ते असं: मालकाने ठरावीक मुदतीत आपल्या जमिनीचा अर्ज द्यायचा, मोजणीवाल्याने तो तपासायचा, आणि एका तुकड्याला मालक म्हणून नाव लागलं की त्या नावापुढे बाकी कोणाचं काही चालायचं नाही. आता गंमत अशी की कित्येक भागांत कुळांचे हक्क चांगले मजबूत होते. पडीक जमीन ज्याने फोडली, खाडीला बांध घालून जमीन ज्याने पिकाखाली आणली, त्याला ती कायम कसायचा हक्क असे. तो हक्क बापाकडून मुलाकडे जाई, विकताही येई, गहाणही टाकता येई. मालक बदलला तरी कूळ बदलत नसे. हे सगळं गावाला तोंडपाठ होतं. मोजणीच्या कागदाला मात्र ते दिसलं नाही, कारण कागदावर त्याला रकानाच नव्हता. काल जो पिढीजात कसणारा होता तो उद्यापासून मालकाच्या मर्जीवर, वर्षा-दोन वर्षांच्या बोलीवर शेती करणारा झाला. खंड पिकाच्या निम्मा, पुष्कळदा त्याहूनही जास्त.

कोणी म्हणेल, इंग्रजांनी आपल्याकडे हेच केलं. बरोबर आहे. इंदापूरपासून सुरू झालेल्या त्या मोजणीतही सरकारला महसूल कोण भरतो एवढंच महत्त्वाचं होतं. मुंबई इलाख्यातल्या कुळाला कायद्याचा आधार १९३९ आणि १९४८ च्या कायद्यांनी मिळाला. म्हणूनच म्हणतो की 'मालकी हक्क निश्चित झाले' या वाक्यावर निदान मराठी वाचकाने तरी मान डोलवू नये.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर कोणी तरी मला खोडून काढेल. कोरियातल्या शाळांमध्ये पुष्कळ वर्षं असं शिकवलं जात होतं की या मोजणीच्या निमित्ताने जपान्यांनी देशाची ४० टक्के जमीन लाटली. पुढे संशोधकांनी गिमहेसारख्या ठिकाणचे मोजणीचे मूळ कागद काढून वाचले. बहुतेक खासगी जमीन ज्याची त्याच्याच नावावर लागली होती आणि तंटे तुलनेने थोडे होते, असं त्यातून दिसलं. मला हे पटतं. कारकुनी कामात सर्रास लबाडी करायला फार माणसं लागतात. लूट झाली ती वेगळ्या वाटेने. राजवाड्याच्या आणि सरकारी टप्प्यांच्या, म्हणजे टपालाच्या घोड्यांच्या ठाण्यांच्या, नावे असलेल्या ज्या जमिनी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या समजून कसत होते, त्या सगळ्या 'सरकारी' ठरल्या आणि जपानी गव्हर्नर जनरलच्या ताब्यात गेल्या. सरकारी जमिनींचा मोठा वाटा १९०८ मध्ये स्थापन झालेल्या ओरिएंटल डेव्हलपमेंट कंपनीकडे गेला. ही कंपनी जपानी शेतकरी आणून वसवायची आणि कोरियन कुळांकडून खंड वसूल करायची. तिच्याबद्दल लोकांच्या मनात काय होतं, ते १९२६ च्या डिसेंबरात ना सॉक-जू नावाच्या माणसाने तिच्या सोलमधल्या कचेरीत शिरून बाँब टाकला त्यावरून समजावं. शिवाय मोजणी झाल्यावर जमीन महसूल जवळजवळ दुप्पट झाला. लपलेली जमीन उजेडात आली की महसूल वाढणारच, हे आमच्या खात्यातला शिपाईही सांगेल. आणि जमीन एकदा स्वच्छ कागदावर आली की ती गहाण घेणं सावकाराला सोपं जातं. त्या काळात स्वस्त भांडवल होतं ते जपानी माणसाकडे.

याचं पुढे काय झालं ते पाहायचं असेल तर गुनसानला जावं. जावयाने सुट्टी काढून नेलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरचं हे बंदर म्हणजे होनामच्या मैदानाचं तोंड आणि होनाम म्हणजे कोरियाचं भाताचं कोठार. डोळ्यांना सवय नसल्यामुळे मला सुरुवातीला खूप वेळ नुसतं सपाट दिसत राहिलं. बंदरात १९०८ ची लाल विटांची कस्टम कचेरी अजून उभी आहे, जुनी बँक आहे, जपानी पद्धतीची घरं आहेत. पण पाहायचे ते तरंगते धक्के. तिथे भरती-ओहोटीत पाणी सहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ओहोटीला काठाशी नुसता चिखल. त्या चिखलात मोठं जहाज लागणार कसं? म्हणून जपान्यांनी पाण्यावर मोठाले पोकळ तराफे ठेवले आणि काठापासून त्यांच्यापर्यंत बिजागरीवर हलणारा पूल टाकला. पाणी चढलं की तराफा वर, पाणी उतरलं की तराफा खाली, पूल आपोआप तिरका होतो. दिवसाच्या कुठल्याही वेळी तीन हजार टनी जहाज लागलं पाहिजे आणि तांदूळ चढला पाहिजे. त्या पुलावर उभा राहिलो तेव्हा ओहोटी होती. खाली चिखलात खेकडे पळत होते. बिजागऱ्या हाताने चाचपून पाहिल्या. बांधकाम अव्वल, यात वाद नाही.

आणि त्यावरून काय गेलं? १९१८ मध्ये जपानमध्ये तांदळाच्या भावावरून दंगली झाल्या. तेव्हा सरकारने ठरवलं की जपानच्या शहरांना लागणारा तांदूळ कोरियात पिकवायचा. १९२० पासून त्याची मोठी योजना आली. पाटबंधारे झाले, बियाणं बदललं, खत आलं, उत्पादन वाढलंही. पण १९१० च्या दशकाच्या मध्याला वर्षाला सुमारे दहा लाख सोक तांदूळ बाहेर जात होता, तो १९३० च्या दशकाच्या मध्याला ऐंशी लाखांच्या वर गेला. म्हणजे जवळजवळ निम्मं पीक. (एक सोक म्हणजे साधारण १८० लिटरचं माप.) त्याच वीस वर्षांत कोरियन माणसाच्या वाट्याला येणारा तांदूळ वर्षाकाठी सुमारे ०.७ सोकवरून ०.४ वर उतरला. पिकवणारा मंचुरियातून आलेली राळ्यासारखी भरड धान्यं खाऊ लागला. पाटाच्या पाण्याची पट्टी मात्र त्याच्याच माथी. काही अर्थतज्ज्ञ त्या काळातले उत्पन्नाचे आकडे काढून लोक एकूण सुधारलेच असं म्हणतात. असतील काही सुधारले. कूळ त्यात होतं का, एवढंच मी विचारतो.

गुनसानजवळ बालसान नावाच्या गावात प्राथमिक शाळा आहे. शाळेच्या मागच्या बाजूला काँक्रीटची तीन मजली तिजोरी उभी आहे. तिजोरीच म्हणायची, खिडक्यांना जाड लोखंडी गज आहेत आणि दार बँकेत असतं तसं. ही शाळेची जागा शिमातानी नावाच्या जपानी जमीनदाराच्या वाडीची. त्याला जुन्या वस्तू जमवायचा शौक होता. त्या तिजोरीत तो कोरियन चित्रं आणि भांडी ठेवायचा आणि दूरच्या पडक्या मठांतले दगडी मनोरे, दीपस्तंभ उचलून आणून आवारात मांडायचा. ते अजून तिथेच आहेत. मुलं मधल्या सुट्टीत त्यांच्याभोवती शिवाशिवी खेळतात. त्याच शहरात डोंगुकसा नावाचं जपानी धाटणीचं बौद्ध देऊळ आहे. त्याच्या आवारात जपानी भिक्षूंनीच २०१२ मध्ये माफीचा शिलालेख उभारला आणि पुढे तिथेच जपानी सैन्याने पळवून नेऊन लैंगिक गुलामीत ठेवलेल्या मुलींच्या आठवणीत एका मुलीचा पुतळा बसला. त्या मुलींवर लिहायला या पत्रात जागा नाही आणि माझा तो अधिकारही नाही. त्यांच्यातल्याच किम हाक-सून या बाईंनी १४ ऑगस्ट १९९१ ला स्वतःच्या नावानिशी उघडपणे सांगेपर्यंत त्यांतल्या बहुतेकींना घरातही बोलता आलं नव्हतं, एवढंच नोंदवतो.

लेखात जपानी राजवटीविरुद्धच्या १ मार्च १९१९ च्या उठावाला एक ओळ मिळाली आहे आणि तो 'विद्यार्थी व बुद्धिजीवींचा' म्हटला आहे. सुरुवात त्यांची होती हे खरं. सोलच्या तापगोल बागेत जाहीरनामा वाचला तो विद्यार्थ्यांच्या गर्दीसमोरच. पण त्या आंदोलनात अटक झालेल्यांत निम्म्याहून जास्त शेतकरी होते. बाजाराच्या दिवशी शेतकरी तालुक्याच्या गावी जमत आणि तिथेच घोषणा सुरू होत. यू ग्वान-सून ही शाळकरी मुलगी १ एप्रिलला अशाच एका बाजारात पुढे झाली आणि दीड वर्षाने तुरुंगात मेली. वय १७. १५ एप्रिलला जपानी शिपायांनी जेआम-री गावच्या पुरुषांना चर्चमध्ये कोंडून गोळ्या घातल्या आणि चर्चला आग लावली. जालियनवाला बागेनंतर बरोबर दोन दिवसांनी. आता तारखा लावून पाहा. मोजणीचं काम संपलं १९१८ च्या अखेरीस आणि गावोगावचा शेतकरी रस्त्यावर आला १९१९ च्या वसंतात. सगळं खापर मोजणीवर फोडणार नाही. पायउतार केलेल्या राजाच्या मृत्यूचं दुःख होतं, पोलिसी जाच होता, फटक्यांची शिक्षा फक्त कोरियनांनाच होती, मास्तर कमरेला तलवार लावून वर्गात येत. पण ज्याचं नाव नुकतंच कागदावरून गेलं होतं, तो माणूस त्या गर्दीत होता हे नक्की.

सुवॉनला मुलीच्या शेजारी नव्वदीच्या घरातल्या एक आजी राहतात. सगळे त्यांना हालमोनी म्हणतात, म्हणजे आजीच. मीही तेच म्हणायला लागलो, जरी त्या माझ्याहून वयाने फार मोठ्या नसाव्यात असं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून त्यांना वाटत असावं. त्या बोलायच्या आणि मुलगी मला मराठीत सांगायची. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा त्या शाळेत होत्या. शाळेत प्रत्येक मुलाला काही चिठ्ठ्या देत. कोणी कोरियनमध्ये बोललं की ऐकणाऱ्याने त्याची एक चिठ्ठी काढून घ्यायची, आठवड्याच्या शेवटी ज्याच्याकडे कमी त्याला मार. त्यामुळे मुलं बोलायचीच नाहीत, म्हणाल्या. दुपारी वर्गाऐवजी डोंगरावर जाऊन पाईनची मुळं खणायची. त्यांतून लढाईसाठी तेल काढत. चिकासाठी झाडांच्या बुंध्यांवर घातलेले तिरके घाव मी पुढे एका टेकडीवर स्वतः पाहिले. झाडं वाढली, घावही त्यांच्याबरोबर रुंद झालेत. मग एक दिवस घरोघरची पितळी भांडी जमा करायला माणसं आली. वाट्या, चमचे, देवकार्याची भांडी, सगळं. त्यांच्या आईने सासूची जेवायची वाटी तेवढी लपवली. आंबवलेल्या सोयाबीनचे रांजण ज्या ओट्यावर ठेवतात, त्याखाली पुरली. ती वाटी मला हातात घेऊन पाहायला दिली. चांगली जड आहे, काठाला एक पोचा आहे.

पण माझ्या धंद्याचं ऐकायला मिळालं ते पुढेच. १९४० च्या फेब्रुवारीपासून सहा महिन्यांत प्रत्येक कोरियन कुटुंबाने जपानी धाटणीचं आडनाव नोंदवावं असा हुकूम होता. कागदोपत्री ऐच्छिक, पण नाव नाही नोंदवलं तर मुलाला शाळेत आणि बापाला रेशनला अडचण. सुमारे ऐंशी टक्के कुटुंबांनी नोंदवलं. हालमोनींच्या वडिलांनीही. १९४६ मध्ये नवीन सरकारी हुकुमाने माणसांची नावं परत मिळाली, पण त्यांच्या गावच्या एका वावराच्या कागदावर जपानी नावच राहून गेलं. पुढे कित्येक वर्षांनी भावाने ते विकायला काढलं तेव्हा कचेरीतला माणूस म्हणाला, हा मालक जपानी दिसतो, ही जमीन सरकारजमा व्हायला हवी. मग जुन्या कुटुंब नोंदी काढा, साक्षीदार आणा, बाप तो हाच हे सिद्ध करा. हे ऐकताना मुलीला भाषांतर करायची गरजच पडली नाही. अशी किती प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली आहेत! आजही दक्षिण कोरियाचं सरकार जपानी नावांवर राहिलेले तुकडे शोधून सरकारजमा करत आहे आणि त्यांत खरा जपानी कोण व नाव बदलावं लागलेला कोरियन कोण, हे एकेक कागद लावून ठरवावं लागतं.

उलट बाजूही ऐका. जपान्यांना सामील झालेल्या सरदारांची नातवंडं-पतवंडं हीच मोजणीची कागदपत्रं घेऊन कोर्टात गेली, की आमच्या आजोबाच्या नावे अमुक तुकडा लागलेला आहे, तो परत द्या. १९१० च्या करारावर सही करणाऱ्या यी वान-योंगच्या वारसाने १९९७ मध्ये सोलमधल्या एका जमिनीचा दावा जिंकलासुद्धा. कायद्याच्या चौकटीत न्यायाधीश तरी काय करणार, कागद पक्का होता! लोक खवळले. २००५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्याखालच्या आयोगाने २०१० पर्यंत १६८ जणांच्या नावावरचे २,३५९ तुकडे सरकारजमा केले. अशाच दुसऱ्या सरदाराच्या, सोंग ब्योंग-जूनच्या, वारसांचा इंचॉनमधल्या बुप्यॉंगच्या लष्करी तळाच्या जागेवरचा दावा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला.

आणि नकाशे? ते तंतोतंत होते ना? त्यांचा मूळ बिंदू टोकियोत होता. त्यामुळे जागतिक मापनाशी ताडून पाहिलं की अख्खा कोरिया सुमारे ३६५ मीटर सरकलेला भरत होता. शिवाय कागद शंभर वर्षांत आकसले, फाटले, कोरियन युद्धात जळाले. देशातल्या जवळजवळ १५ टक्के तुकड्यांची प्रत्यक्ष वहिवाट नकाशाशी जुळत नाही. त्यासाठी २०१२ पासून नव्याने मोजणी चालू आहे, ती २०३० पर्यंत चालायची आहे. आमच्या व्यवसायबंधूंना तिथे कामाची ददात नाही.

रेल्वे आणि कारखान्यांबद्दल बोलणार नाही म्हणालो होतो, पण एक शंका राहवत नाही. जपान्यांनी बांधलेला अवजड उद्योग मुख्यतः उत्तरेत होता. हंगनामचा प्रचंड खत कारखाना उत्तरेत, यालू नदीवरचं सुइहो धरण उत्तरेत. दक्षिणेत भातशेती. १९४५ च्या ऑगस्टमध्ये दोन अमेरिकन कर्नलांनी रात्री घाईघाईत ३८ व्या अक्षांशावर रेघ मारली. जागेवर न जाता, मोजणी न करता, भिंतीवरच्या नकाशाकडे बघून मारलेली ही हद्द; माझ्या हाताखालच्या कोणी अशी मारली असती तर त्याला मी घरी पाठवलं असतं. पण ते असो. कारखाने आणि वीज उत्तरेकडे राहिली. वसाहतीच्या पायावरच श्रीमंती उभी राहते म्हणावं, तर आज प्योंगयांग श्रीमंत आणि सोल गरीब असायला हवं होतं.

माझ्या मते दक्षिणेत खरं काही घडलं ते जमिनीच्या वाटपाने. १९४५ मध्ये तिथली सुमारे ६५ टक्के शेतजमीन कुळांच्या हातून कसली जात होती. जपानी जमीनदारांच्या जमिनी १९४८ मध्ये कुळांना विकल्या गेल्या. पाठोपाठ १९४९ चा कायदा आला. त्याने कोणालाही तीन जोंगबोपेक्षा, म्हणजे साधारण तीन हेक्टरपेक्षा, जास्त शेती ठेवता येईना. कुळाने वर्षाच्या पिकाच्या दीडपट किंमत पाच वर्षांत फेडायची की जमीन त्याची. १९५० च्या वसंतात, कोरियन युद्ध पेटण्याच्या तोंडावर, वाटप झालं. १९५१ पर्यंत कुळवहिवाटीची जमीन आठ टक्क्यांवर आली. या कायद्याची मांडणी केली पहिले शेतीमंत्री चो बाँग-आम यांनी. जपान्यांनी त्यांना तुरुंगात टाकलं होतं आणि स्वतंत्र कोरियाच्याच सरकारने १९५९ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली फाशी दिली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. बावन्न वर्षं उशिरा. ज्या बापाच्या नावे जमीन झाली त्याने ती विकून, प्रसंगी बैल विकून, पोराला शिकवलं. पुढे जहाजं आणि चिप बनवणारी पिढी ती.

लेखकांनी पुढच्या रविवारी दुसरा भाग येणार असल्याचं म्हटलं आहे. त्यात या १९५० च्या वाटपाला दोन परिच्छेद द्यावेत आणि पहिल्या भागातलं ते वाक्य दुरुस्त करावं, एवढीच विनंती. 'मालकी हक्क निश्चित झाले' याच्यापुढे 'आणि कुळांचे हक्क नोंदीतून गेले' असं जोडलं तरी माझं समाधान होईल. पत्र लांबलं आहे, जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करायची झाली तर कारखान्यांचा परिच्छेद खुशाल काढा, १८९८ च्या मोजणीचा मात्र राहू द्या.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त निमतानदार, वाई, जि. सातारा